पटायातली खरेदी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

थायलंडमधल्या पटायाची सहल ठरली की विमान, हॉटेल, कोरल आयलंडची बोट यांची चर्चा घरात महिनाभर चालते. खरेदीचा विचार मात्र तिथल्या रस्त्यावर उभं राहिल्यावरच सुरू होतो. मग बस जिथे थांबेल तिथे पिशव्या भरल्या जातात आणि शेवटच्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाजारात तीच वस्तू निम्म्या भावात टांगलेली दिसते. मुंबई-पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून आता इतके लोक तिथे जातात की हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. पटायात ज्या दुकानात तुम्हाला कोणीतरी घेऊन जातं, तिथे फक्त बघा. खरेदी करा ती स्वतःहून शोधलेल्या दुकानात. गाइड असो, रिक्षावाला असो किंवा दारात उभा राहून ‘नमस्ते, कैसे हो’ म्हणणारा पोऱ्या असो, गिऱ्हाईक आणून दिल्याचं कमिशन त्याला मिळतं आणि ते तुमच्याच बिलातून जातं. त्यांचा तो धंदा आहे, त्यांच्यावर राग धरायचं कारण नाही. पण तुम्ही तुमचा हिशोब ओळखून चाला.

१. निघण्याआधी: सोबत काय हवं

- मूळ पासपोर्ट. पैसे बदलताना आणि कर परत मिळवण्याचा फॉर्म भरताना लागतो. फोटोकॉपी सगळीकडे चालत नाही.
- अमेरिकन डॉलर, शक्यतो १०० च्या कोऱ्या नोटा.
- परदेशात चालणारं एक कार्ड. ते बँकेकडून आधीच चालू करून घ्या.
- दोन कापडी पिशव्या. जानेवारी २०२० पासून तिथले मोठे मॉल आणि सेव्हन-इलेव्हनसारखी दुकानं प्लास्टिकची पिशवी देत नाहीत.
- शिवणकामाची मोजपट्टी. का ते पुढे येईल.
- सामान तोलायचा हाताचा छोटा काटा.
- घरच्यांच्या मापांची यादी: कंबर, छाती, पँटची लांबी, पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. ‘एल’ किंवा ‘एक्सएल’ एवढंच लिहून नेऊ नका. थायलंडचे साइज आपल्यापेक्षा लहान असतात, आपला एल तिथे डबल एक्सएलमध्येही घट्ट होऊ शकतो.

बॅग जाताना अर्धी रिकामी ठेवा. विमानतळावर जादा वजनाचे जे पैसे मोजावे लागतात, त्यात बाजारातली अर्धी खरेदी परत झाली असती.

२. पैसे कुठे बदलायचे

विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडताना समोर दिसणाऱ्या खिडक्यांवर फक्त टॅक्सी आणि जेवणापुरते पैसे बदला. पटाया गावात रस्तोरस्ती पैसे बदलण्याच्या छोट्या टपऱ्या आहेत, बाहेर फलकावर त्या दिवसाचा भाव लावलेला असतो आणि तो बहुतेक वेळा विमानतळापेक्षा बरा असतो. फलक नीट वाचा. डॉलरचे दोन-तीन वेगळे भाव लिहिलेले असतात, १०० च्या नोटेला सगळ्यात चांगला, लहान नोटांना कमी. रुपयेही काही ठिकाणी घेतात, पण त्यात बरंच नुकसान होतं.

एटीएममधून काढायचे असतील तर तिथली बँक परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट (बाट हे तिथलं चलन) किंवा त्याहून जास्त शुल्क घेते. त्यामुळे दोन-दोन हजार असे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा. आणि पडद्यावर किंवा दुकानातल्या कार्ड मशीनवर ‘रुपयांत की बाटमध्ये’ असा प्रश्न आला की डोळे झाकून बाट निवडा. रुपये निवडलेत तर भाव ती मशीनवाली कंपनी ठरवते.

नोटांचे रंग पहिल्याच दिवशी ओळखून ठेवा: २० ची हिरवी, ५० ची निळी, १०० ची लाल, ५०० ची जांभळी, १,००० ची राखाडी-तपकिरी. रात्रीच्या बाजारात रंगीत दिव्यांखाली लाल आणि जांभळी यांची गल्लत पटकन होते, म्हणून १०० आणि ५०० पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यांत ठेवा. नोटेवर राजाचं चित्र असतं. वाऱ्याने उडालेली नोट पायाने दाबून थांबवू नका. राजाचा अवमान तिथे गुन्हा आहे आणि लोकांच्या मनालाही ते खूप लागतं.

३. गावाची रचना आणि ये-जा

पटाया बँकॉकपासून साधारण दीडशे किलोमीटरवर, चोनबुरी प्रांतात आहे. किनाऱ्याला लागून बीच रोड, त्याला समांतर सेकंड रोड, मग थर्ड रोड आणि सगळ्यात आत सुखुम्वित हा मोठा हमरस्ता. बीच रोडवरची वाहतूक उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, सेकंड रोडवरची दक्षिणेकडून उत्तरेकडे. एवढं डोक्यात बसलं की गाव कळलं.

या दोन रस्त्यांवर निळ्या रंगाच्या, मागे समोरासमोर बाक असलेल्या गाड्या सतत फिरतात. त्यांना सोंगथेव म्हणतात, पर्यटक बाट बस म्हणतात. चालत्या गाडीला हात करा, मागे बसा, उतरायचं ठिकाण आलं की छतावरचं बटण दाबा, उतरून ड्रायव्हरला पैसे द्या. ठरलेल्या फेरीचं भाडं अगदी किरकोळ असतं, म्हणून १० ची नाणी आणि २० च्या नोटा हाताशी असू द्या. रिकामी उभी असलेली गाडी पकडून ‘अमुक ठिकाणी किती घेणार’ असं विचारलंत, की ती खास तुमच्यासाठी केलेली टॅक्सी होते आणि भाडं शेकड्यांत जातं. लांब जायचं असेल तर ग्रॅब किंवा बोल्ट अॅपवर आधी भाव बघा.

४. कुठे काय घ्यायचं

*मॉल.* बीच रोड आणि सेकंड रोडच्या मधोमध सेंट्रल पटाया आहे, समुद्राकडूनही आत जाता येतं आणि मागूनही. उत्तरेला डॉल्फिनच्या चौकाजवळ टर्मिनल २१ आहे, २०१८ मध्ये सुरू झालेला. त्याचा एकेक मजला एकेका शहराच्या धर्तीवर सजवलाय. तिथल्या पिअर २१ या फूड कोर्टमध्ये जेवण आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त आहे: कार्डात पैसे भरायचे, जेवायचं, उरलेले परत घ्यायचे. मॉलमध्ये भाव ठरलेले, घासाघीस नाही. पण माहिती खिडकीवर पासपोर्ट दाखवून पर्यटकांसाठी काही सवलत आहे का, हे जरूर विचारा. बऱ्याच ठिकाणी असते आणि न विचारल्यास कोणी सांगत नाही.

*सुपरमार्केट.* माझ्या मते खरेदीची सगळ्यात चांगली जागा हीच, आणि सहलीच्या गटांना ती कोणी दाखवत नाही. पटाया क्लांग रस्त्यावर बिग सी आहे, सुखुम्वितवर लोटस आहे. तिथले स्थानिक लोक महिन्याचं सामान इथूनच भरतात. सुका आंबा, चहा, बाम, साबण, खोबरेल तेल, मसाल्याची पाकिटं, सगळ्यांवर छापील भाव. वाटायला म्हणून जे काही घ्यायचंय, ते इथून घ्या.

*रात्रीचे बाजार.* थेप्प्रसित रस्त्यावरचा बाजार शुक्रवार ते रविवार संध्याकाळी भरतो. पटायाचे लोकही तिथे येतात, त्यामुळे भाव बरे असतात. कपडे, चपला, पिशव्या, मोबाइलची कव्हरं आणि मागच्या बाजूला खाण्याच्या गाड्या. पाच-सहाला पोहोचा, आठनंतर पाय ठेवायला जागा नसते. सॉय बुआखाओ या गल्लीतला बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी असतो, तो दिवसा आटोपून घ्या. सेकंड रोडवरचे छतावाले बाजार रोज उघडे असतात, पण तिथे गिऱ्हाईक जवळजवळ सगळं पर्यटकच, त्यामुळे सांगितलेला भाव बराच चढा.

*तरंगता बाजार.* सुखुम्वितवर आहे, आत जायला शुल्क आहे. लाकडी पूल, होड्या, फोटो यांसाठी जा. खरेदीसाठी मुद्दाम जाऊ नका.

*नाक्लुआचा मासळी बाजार.* मासे खाणाऱ्यांनी हा चुकवू नये. पटायाच्या उत्तरेला नाक्लुआ हे मूळचं कोळ्यांचं गाव, तिथे लान फो नावाचा बाजार आहे. पाण्याने भरलेल्या टोपल्यांत जिवंत खेकडे, बर्फावर कोळंबी, माकूळ, शिंपल्या, कालवं. किलोने घ्यायचं आणि शेजारीच निखाऱ्यावर भाजून देणाऱ्या बायका बसलेल्या असतात, त्यांना भाजण्याचे वेगळे पैसे द्यायचे, तेही किलोवर. भाजलेल्या कोळंबीबरोबर हिरवी मिरची, लसूण आणि लिंबाची जी चटणी देतात, ती मालवणी माणसालाही घाम फोडते. इथे लक्ष द्यायचं ते काट्याकडे. वजन तुमच्यासमोर करायला सांगा, टोपलीतलं पाणी निथळू द्या. बीच रोडवरच्या हॉटेलात हेच मासे खाल तर मेन्यूवर भाव बहुतेकदा १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो. तो अख्ख्या माशाचा समजून मागवलं, तर बिल आल्यावर धक्का बसतो.

*किनाऱ्यावरचे फेरीवाले आणि बोट.* कोरल आयलंडला जाताना बोटीवर कोणीतरी तुमचा फोटो काढतं आणि परतताना तोच फोटो ताटलीवर किंवा फ्रेममध्ये छापून समोर ठेवतं. घेण्याचं कसलंही बंधन नाही. हसून ‘नको’ म्हणा, ते पुढे जातात.

५. भाव कसा करायचा

नियम सोपा आहे: छापील किंमत असेल तिथे भाव करायचा नाही, नसेल तिथे करायचा. खाण्याच्या गाड्यांवरही करायचा नाही. चाळीस बाटच्या फळांच्या पिशवीसाठी हुज्जत घालणारा माणूस तिथे फार वाईट दिसतो.

पद्धत अशी. आधी त्याच रांगेतल्या तीन दुकानांत नुसता भाव विचारा: ‘थाओ राय?’ दुकानदार कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून तुमच्यासमोर धरेल. तो बघा, हसा, पुढे चला. तिसऱ्या दुकानापर्यंत अंदाज येतोच. मग जे आवडलंय तिथे परत जा आणि कॅल्क्युलेटरवर तुमचा आकडा टाका. सांगितलेल्या भावाच्या साधारण साठ-पासष्ट टक्क्यांपासून सुरुवात करावी, बहुतेक वेळा पाऊण भावाला जुळतं. अगदी चौथ्या हिश्श्यापासून सुरू केलंत तर समोरचा माणूस बोलणंच थांबवतो. एकापेक्षा जास्त नग घेणं हे सगळ्यात खात्रीचं हत्यार: एक पँट दीडशेला असेल, तर चार घेतल्यावर शंभर-एकशेवीसला सहज येते. ‘लोत दाय माय?’ म्हणजे कमी करता का. शेवटी पुरुषांनी ‘ख्राप’ आणि बायकांनी ‘खा’ जोडलं की तेच वाक्य अदबीचं होतं.

आवाज चढवायचा नाही. आपल्याकडे मंडईत ‘अहो काय लुटता का’ हे प्रेमाने म्हणता येतं, तिथे त्याच सुरात बोललं तर भांडण समजतात. चेहरा हसरा ठेवा. आणि समोरच्याने तुमचा आकडा मान्य केला, की वस्तू घ्यायचीच. तिथून पाठ फिरवणं म्हणजे शब्द मोडणं, आणि त्याचा फटका मागून येणाऱ्या पुढच्या भारतीय कुटुंबाला बसतो.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात, तर एक गोष्ट बघायला मिळेल. पहिल्या गिऱ्हाइकाची नोट हातात आली की विक्रेती ती नोट टांगलेल्या कपड्यांवर, मांडलेल्या वस्तूंवर हलकेच टेकवत जाते, दिवसभर विक्री व्हावी म्हणून. आपली भवानीच. अशा वेळी भाव थोडक्यात तुटतो, कारण पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये असं तिला वाटतं. पण म्हणूनच, घ्यायचं नसेल तर सकाळच्या पहिल्या दुकानात घोळ घालत बसू नका.

६. घेण्यासारखं काय आहे

हत्तीच्या छापाच्या सैलसर सुती पँट, बाजारात साधारण १०० ते २०० बाट. घरात घालायला उत्तम, पण पहिल्या धुण्यात रंग सोडतात, वेगळ्या धुवा. ‘फ्री साइज’ लिहिलेलं असलं तरी बैठकीची लांबी मोजपट्टीने बघा, कारण बाजारात घालून बघू देत नाहीत. मोजपट्टी न्या म्हटलं ते यासाठी.

नाकाला लावून हुंगायच्या छोट्या कांड्या, त्यांना यादोम म्हणतात. अर्धं थायलंड ती खिशात घेऊन फिरतं. डोकं जड झालं, गाडी लागली की हुंगायची. हलकी, स्वस्त, सोसायटीत आणि ऑफिसात वाटायला याहून सोयीचं काही नाही. त्याबरोबर बाम, अंगदुखीची क्रीम, घामोळ्याची गार पावडर.

थाई चहाची पत्ती, सुका आंबा, समुद्री शेवाळाचे कुरकुरीत पापड. खाण्याच्या वस्तूंत शाकाहारी लोकांनी जपून. साध्या दिसणाऱ्या वेफर्समध्ये आणि मसाल्याच्या गोळ्यांत कोळंबीची पूड किंवा माशाचं पाणी असतं. पाकिटावर पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरं शोधा, ती इंग्रजी सतराच्या आकड्यासारखी दिसतात. ही ‘जे’ची खूण. त्यात मांस-मासे-अंडी नसतातच, शिवाय कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींनाही उपयोगी.

थाई रेशीम. रात्रीच्या बाजारात दोनशे बाटला मिळणारी ‘सिल्क’ची ओढणी पॉलिस्टर असते, छान दिसते, तेवढ्यापुरती घ्या. खरं रेशीम हवं असेल तर मोराचा शिक्का बघा. राणी सिरिकित यांच्या पुढाकाराने आलेली ही खूण चार रंगांत असते: सोनेरी मोर म्हणजे देशी किड्याचं रेशीम आणि पारंपरिक हातमाग, सगळ्यात वरचा दर्जा. त्याखाली चंदेरी, मग निळा. हिरवा मोर म्हणजे रेशमात दुसरा धागा मिसळलेला. पैठणी हातात घेऊन पारखणाऱ्या आपल्या बायकांना हा फरक स्पर्शानेही कळेल.

नारळाच्या करवंटीच्या वाट्या, वेताच्या पिशव्या, हातसाबण घेताना ‘ओटॉप’ ही खूण शोधा. गावोगावच्या उत्पादकांच्या मालासाठी २००१ पासून चाललेली ही सरकारी योजना आहे आणि मालाला पाचपर्यंत तारे दिलेले असतात.

मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा भाव आधी भारतात बघूनच जा. बऱ्याचदा फरक नगण्य असतो आणि वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो.

७. सूट शिवून घ्यायचा असेल तर

पटायात शिंप्यांची दुकानं खूप, आणि कितीतरी ठिकाणी गल्ल्यावर किंवा दारात हिंदी बोलणारं कोणीतरी भेटतं. भाषा जुळली की आपला विश्वास लगेच बसतो, पण भाषा आणि शिलाई यांचा काही संबंध नाही. काम चांगलं करणारे शिंपी तिथे नक्की आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचायचं तर एवढं पाळा.

पहिल्या दिवशीच जा. ‘चोवीस तासांत सूट’ असं लिहिलेलं असतं, पण चोवीस तासांत शिवलेल्या सूटला दुरुस्तीला वेळच उरत नाही. किमान तीन दिवस आणि दोन ट्रायल हव्यात: एक कच्च्या शिलाईवर, एक पूर्ण झाल्यावर. ट्रायलला तोच शर्ट आणि तेच बूट घालून जा, जे सूटवर घालणार आहात. हात वर करा, बसा, बटण लावून वाका. खांद्याला सुरकुती पडत असेल तर तिथेच दाखवा. कंबर नंतर सैल करता येते, खांदा बिघडला तर कोट गेला.

कापड स्वतः निवडा आणि त्याचा छोटा तुकडा कापून पावतीला टाचून घ्या. एक कापड दाखवून दुसरं वापरल्याची तक्रार याच धंद्यात सगळ्यात जास्त ऐकू येते. पावतीवर कापडाचं नाव, अस्तर, नगांची संख्या, पूर्ण रक्कम आणि देण्याची तारीख हे सगळं लिहून घ्या. ‘एक सूट, दोन शर्ट, टाय फ्री’ अशी पॅकेजं टाळलेलीच बरी, त्यातला शर्ट दोन धुण्यांत कळतो. आगाऊ निम्म्याच्या वर देऊ नका. आणि निघायच्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर कपडे घ्यायचे, असं कधीही ठरवू नका.

८. सोनं आणि रत्नं

लाल भिंतींची, आरशांनी चमकणारी सोन्याची दुकानं दिसतील. थायलंडचं सोनं ९६.५ टक्के शुद्धतेचं, म्हणजे आपल्या २२ कॅरेटपेक्षा (९१.६ टक्के) शुद्ध. तिथे वजनाच्या मापालाही बाटच म्हणतात: दागिन्यांत एक बाट म्हणजे १५.१६ ग्रॅम. आपला पारंपरिक तोळा ११.६६ ग्रॅमचा. त्यामुळे दारावर लावलेला भाव पाहून ‘तोळ्याला एवढंच?’ किंवा ‘बापरे, एवढं महाग?’ असं म्हणण्याआधी ग्रॅमवर आणि शुद्धतेवर आणून हिशोब करा. घडणावळ वेगळी. आणि भारतात उतरल्यावर या सोन्याचं काय होतं, ते शेवटच्या टप्प्यात वाचा, मगच घ्या.

रत्नांच्या बाबतीत मी थेट सांगते: पारख नसेल तर घेऊ नका. सहलीच्या बस ज्या भव्य दालनांत नेतात, तिथलं प्रदर्शन बघण्यासारखं असतं, बघा आणि बाहेर या. रस्त्यात कोणी गोड बोलून ‘आज सरकारी सवलतीचा शेवटचा दिवस आहे, हे खडे तुमच्या देशात दुपटीने विकले जातील’ असं सांगू लागलं, तर ती थायलंडमधली जुनी आणि प्रसिद्ध फसवणूक आहे. असा कुठलाही सरकारी दिवस नसतो. अडकलात, दमदाटी झाली, तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे. इंग्रजीत बोलता येतं.

९. हे अजिबात घेऊ नका

गांजाचा कुठलाही पदार्थ. पटायात हिरव्या पानाचं चित्र लावलेली दुकानं उघड दिसतात, गोळ्या, बिस्किटं, तेल काचेत मांडलेलं असतं, त्यामुळे ते निरुपद्रवी वाटू शकतं. भारतात आणणं हा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. बँकॉकहून येणाऱ्या विमानांतून मुंबईत गांजा पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात आणि तपासणी कडक असते. तरुण मुलं गटाने जात असतील तर त्यांना हे घरातूनच बजावून पाठवा. अनोळखी माणसाचं ‘फक्त खाऊचं पार्सल’ तर कधीच हातात घेऊ नका.

ई-सिगारेट थायलंडमध्येही बेकायदा आहे आणि भारतातही. रस्त्यावर विकत मिळते म्हणून ती चालते, असं नाही.

बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते. नुसतं बुद्धाचं मस्तक शोभेची वस्तू म्हणून घेणं तिथल्या लोकांना दुखावतं. हस्तिदंत, पोवळं, कासवाच्या पाठीच्या वस्तू, मगरीच्या कातड्याची पाकिटं यांना हातही लावू नका, वन्यजीव कायद्यात अडकाल. नामांकित कंपन्यांच्या नकली पर्स आणि घड्याळं दोन्हीकडच्या कस्टम्समध्ये जप्त होऊ शकतात.

१०. सात टक्के कर परत कसा मिळवायचा

थायलंडमध्ये वस्तूंवर सात टक्के व्हॅट आहे आणि पर्यटकाला तो शुल्क कापून परत मिळतो. ज्या दुकानावर पर्यटकांच्या व्हॅट परताव्याची पाटी आहे, तिथेच. एका दुकानात एका दिवशी किमान २,००० बाटची खरेदी हवी. म्हणून बिग सीमधली खरेदी तीन दिवसांत थोडी थोडी करण्यापेक्षा एकाच दिवशी करा आणि बिल एकत्र घ्या.

पैसे देतानाच पासपोर्ट दाखवून फॉर्म मागा. नंतर मागितला तर मिळत नाही. मूळ बिल फॉर्मला जोडलेलं असतं, ते सुटं करू नका.

विमानतळावर क्रम चुकला की पैसे गेले: आधी कस्टम्सच्या खिडकीवर वस्तू आणि फॉर्म दाखवून शिक्का (एकूण खरेदी २०,००० बाट किंवा त्याहून जास्त असेल तर हा लागतो), मग बॅग चेक-इन, मग इमिग्रेशन, आणि आत गेल्यावर परताव्याची खिडकी. बॅग आधी देऊन टाकली तर दाखवायला हातात काही उरत नाही. दागिने, घड्याळ, फोन अशा महाग वस्तू हातातल्या बॅगेत ठेवा, आत पुन्हा बघायला मागू शकतात. रांग लांब असते, नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा.

बाम, तेल, चटण्या, द्रवसाबण १०० मिलिलिटरच्या वर असेल तर मोठ्या बॅगेत. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच. ड्युरियन हे फळ हॉटेलातही नेऊ देत नाहीत आणि विमानातही, तिथेच बसून खा.

११. मुंबईत उतरल्यावर

परदेशातून आणलेल्या मालावर ठरावीक रकमेपर्यंत शुल्क लागत नाही. ही मर्यादा सरकार बदलत असतं, निघण्याच्या आठवड्यात भारतीय सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. मद्य माणशी दोन लिटर, सिगारेट १००.

दागिन्यांची शुल्कमुक्त सवलत फक्त वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून आलेल्यांना आहे. चार दिवसांच्या सहलीवरून आणलेल्या सोन्याला ती लागू होत नाही. घेतलं असेल तर रेड चॅनलला, म्हणजे शुल्काचा माल जाहीर करायच्या वाटेला जाऊन बिल दाखवा आणि शुल्क भरा. भारतातून जाताना अंगावर बरेच दागिने घातले असतील तर त्यांची नोंद जातानाच कस्टम्सकडे करून प्रमाणपत्र घ्या, नाहीतर येताना ते तुमचेच आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं.

सगळ्या पावत्या एका पाकिटात, कार्डाचं महिन्याचं स्टेटमेंट येईपर्यंत जपून ठेवा. एखादी रक्कम दोनदा कापली गेली असेल किंवा बाटऐवजी रुपयांत घेतली गेली असेल, तर बँकेकडे तक्रार करताना तीच पावती लागते.